नौकेचे इंजिन सुरू न होणे

नौकेचे इंजिन सुरू न होणे म्हणजे नौकेला गती देणारे अंतर्ज्वलन इंजिन चालकाने प्रयत्न करूनही न फिरणे, किंवा फिरूनही पेट न घेणे. हा बिघाड एकाच कारणाने होत नाही. विद्युत, इंधन, हवा, संपीडन किंवा यांत्रिक अडथळा यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. त्यामुळे त्याचे निदान ठरावीक क्रमाने, सोप्या व वारंवार आढळणाऱ्या कारणांपासून अवघड कारणांकडे जात करावे लागते. रस्त्यावरील वाहन बंद पडल्यास ते बाजूला उभे करता येते. इंजिन बंद पडलेली नौका मात्र वारा, लाटा व प्रवाह नेतील तिकडे वाहत जाते. त्यामुळे या बिघाडाचा संबंध यंत्रशास्त्राइतकाच सागरी सुरक्षिततेशी आहे.

या लेखात प्रामुख्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी नौकांत वापरल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनांचा, आणि लहान होड्यांच्या मागील बाजूस बसवल्या जाणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने बनवलेले संपीडन-प्रज्वलन इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीरीत्या चालले. १९१२ साली सेवेत आलेल्या ‘सेलांडिया’ या डॅनिश जहाजाने महासागरी प्रवासासाठी डिझेल इंजिनाची उपयुक्तता सिद्ध केली. लहान होड्यांसाठी ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ च्या सुमारास व्यवहारोपयोगी आउटबोर्ड इंजिन तयार केले.

भारतात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला स्वातंत्र्योत्तर काळात वेग आला. भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२ साली झालेल्या करारातून केरळच्या कोल्लम परिसरात सुरू झालेला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होता. शिडावर व वल्ह्यांवर चालणाऱ्या नौकांची जागा हळूहळू यांत्रिक नौकांनी घेतली. शीड उतरल्यामुळे इंजिन हेच बहुतेक नौकांचे एकमेव गतिसाधन उरले, आणि ते सुरू न होण्याचे परिणाम अधिक गंभीर झाले.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा ६१ दिवसांचा यांत्रिक मासेमारी बंदीचा काळ असतो. या काळात कोकणातील नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात. दोन महिने दमट व खाऱ्या हवेत निष्क्रिय राहिलेले इंजिन हंगामाच्या आरंभी सुरू न होणे ही नेहमी आढळणारी अडचण आहे.

इंजिन सुरू होण्यासाठी आवश्यक अटी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधील हवा साधारणतः १४ ते २२ पट दाबतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी पुढील चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

१. क्रँकशाफ्ट पुरेशा वेगाने फिरणे.
२. स्वच्छ, पाणी व हवा नसलेले डिझेल योग्य दाबाने इंजेक्टरपर्यंत पोहोचणे.
३. सिलिंडरमध्ये पुरेशी हवा येणे व धूर बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा असणे.
४. दट्ट्याच्या कड्या व झडपा घट्ट बसून संपीडन टिकणे.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात यांखेरीज योग्य क्षणी ठिणगी पडणे आवश्यक असते. इंजिन सुरू होत नसेल, तर या अटींपैकी निदान एक अपूर्ण असते. निदान म्हणजे ती कोणती हे शोधून काढणे होय.

वेग ही अट अनेकदा दुर्लक्षित राहते. इंजिन सावकाश फिरले तर दाबलेल्या हवेतील उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत निघून जाते आणि काही हवा कड्यांच्या फटींतून निसटते. परिणामी डिझेल पेट घेण्याइतके तापमान गाठले जात नाही. अशा वेळी दोष इंधनाचा वाटला तरी मूळ कारण अशक्त बॅटरी असू शकते.

प्राथमिक तपासणी

कोणताही भाग खोलण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. यांतील बहुतेकांना हत्यार लागत नाही.

• गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? अनेक इंजिनांत गिअर लागलेला असताना स्टार्टरला वीजच मिळत नाही.
• इंजिन बंद करण्याची केबल किंवा दांडी ओढलेल्या स्थितीत राहिली आहे का? ती पूर्ण मागे न गेल्यास इंधनपंप डिझेल पुढे सोडत नाही.
• आउटबोर्ड इंजिनात सुरक्षा दोरीची क्लिप आपल्या जागी बसलेली आहे का?
• बॅटरीचा मुख्य स्विच चालू आहे का?
• टाकीत इंधन आहे का व टाकीचा कॉक उघडा आहे का? दर्शकावर विसंबून न राहता टाकीत काठी घालून पातळी पाहावी.
• टाकीची हवेची नळी मोकळी आहे का? ती बुजल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन इंधनाचा प्रवाह थांबतो.

यानंतर स्टार्टर फिरवून इंजिनाचे वर्तन पाहावे. इंजिन मुळीच फिरत नाही, सावकाश फिरते, किंवा नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नाही, असे तीन प्रकार संभवतात. पहिल्या दोन प्रकारांत दोष बहुधा विद्युत किंवा यांत्रिक असतो, तर तिसऱ्यात बहुधा इंधनाचा.

इंजिन फिरत नसल्यास

स्टार्टरला बोलीभाषेत ‘सेल्फ’ म्हणतात. चावी फिरवल्यावर काहीच आवाज न येणे हे चावीचा स्विच, फ्यूज, न्यूट्रल स्विच किंवा सुटलेली वायर यांचे लक्षण असते. एकदाच ‘टक्’ असा आवाज येऊन पुढे काही न होणे हे अशक्त बॅटरी, गंजलेले टर्मिनल, खराब स्टार्टर किंवा अडकलेले इंजिन दर्शवते. लागोपाठ ‘टकटक’ असा आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा असतो.

१२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित व विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्टला ती साधारणतः निम्मी उतरलेली असते. मात्र केवळ या मापनावरून बॅटरी चांगली ठरत नाही. सेल्फ मारत असताना व्होल्टता ९.५ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी झालेली असण्याची शक्यता अधिक असते. २४ व्होल्टच्या प्रणालीत हे आकडे दुप्पट धरावेत.

बॅटरी चांगली असूनही स्टार्टर फिरत नसेल, तर जोडण्या तपासाव्यात. खाऱ्या हवेमुळे टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर जमतो. दिवे लागण्याइतका अल्प प्रवाह या थरातून जातो, परंतु स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह जाऊ शकत नाही. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. सेल्फ मारत असताना बॅटरीचा धन खांब व स्टार्टरचा धन खिळा यांच्यात मीटर लावल्यास अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसू नये. तसाच फरक ऋण बाजूलाही मोजावा, कारण इंजिनाला जोडलेली अर्थिंगची वायर सैल होणे हा नेहमीचा दोष आहे. टर्मिनल काढून, घासून व घट्ट करून पुन्हा बसवल्याने बरेच दोष दूर होतात.

विद्युत दोष न आढळल्यास क्रँकशाफ्टच्या पुढील नटला पाना लावून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. त्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. इंजिन फिरत नसेल तर पंख्यात जाळे किंवा दोर गुंतून गिअर अडकला असणे, दट्ट्या गंजून चिकटणे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरणे ही कारणे संभवतात.

सिलिंडरमध्ये पाणी शिरणे

पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये दट्ट्यावर पाणी साचलेले असताना स्टार्टरचा जोर लावल्यास संयोगदांडा वाकतो. पाणी मुख्यतः दोन मार्गांनी शिरते.

पहिला मार्ग उभ्या धुराड्याचा आहे. पावसाळ्यात धुराड्याचे तोंड उघडे राहिल्यास पावसाचे पाणी उघड्या निष्कास झडपेतून सिलिंडरमध्ये उतरते. त्यामुळे बंदीच्या काळात तोंडावर डबा किंवा ताडपत्री घट्ट बांधतात. हंगामाच्या आरंभी इंजिन प्रथम हाताने दोन-तीन पूर्ण फेरे फिरवतात. फिरताना कठीण अडथळा जाणवल्यास इंजेक्टर काढून पाणी बाहेर घालवावे लागते.

दुसरा मार्ग ओल्या निष्कास प्रणालीचा आहे. या प्रणालीत थंडाव्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी धुराबरोबर बाहेर टाकले जाते. इंजिन पेट घेत नसताना वारंवार सेल्फ मारल्यास पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकणारा धूर नसतो. साचलेले पाणी शेवटी उलट सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून अशा नौकांत दीर्घ प्रयत्नांच्या वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवतात आणि इंजिन सुरू होताच तो लगेच उघडतात. उघडण्यास विसरल्यास पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरून अल्पावधीत फाटतो. कोरड्या धुराड्याच्या इंजिनात हा दुसरा धोका नसतो.

इंजिन फिरते परंतु पेट घेत नाही

या अवस्थेत धुराड्याकडे पाहणे हे निदानाचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

• धूर मुळीच नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही.
• पांढरा धूर: डिझेल पोहोचते पण जळत नाही. थंड इंजिन, कमी वेग, कमी संपीडन, बिघडलेले ग्लो प्लग किंवा डिझेलमधील पाणी ही कारणे असू शकतात.
• काळा धूर: डिझेलच्या मानाने हवा अपुरी. बुजलेला हवेचा फिल्टर किंवा सदोष इंजेक्टर तपासावेत.
• निळसर धूर: वंगणतेल जळत आहे. झिजलेल्या कड्या किंवा झडपांचा संशय घ्यावा.

इंधन प्रणालीतील हवा

धूर नसल्यास सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे इंधन प्रणालीत शिरलेली हवा. डिझेल जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून पंपाचा दाब थेट इंजेक्टर उघडतो. नळीत हवेचा बुडबुडा असल्यास पंप केवळ तो बुडबुडाच दाबतो व सोडतो. टाकी रिकामी होणे, फिल्टर बदलणे किंवा सांधा सैल होणे यांमुळे हवा शिरते. टाकी व उचलपंप यांच्या दरम्यान नळीत ओढ असते. त्यामुळे तेथील फटीतून डिझेल बाहेर न गळता हवा आत शोषली जाते आणि सांधा कोरडा दिसूनही सदोष असतो. पंपाच्या पुढील बाजूस मात्र दोष गळतीच्या रूपाने दिसतो.

जुन्या यांत्रिक इंधनपंपाच्या इंजिनात ‘एअर काढण्याची’ क्रिया टाकीपासून इंजेक्टरच्या दिशेने, पुढील क्रमाने करतात.

१. टाकीचा कॉक उघडून पहिल्या फिल्टरमधील पाणी व गाळ खालच्या स्क्रूतून काढणे.
२. फिल्टरवरील एअर स्क्रू एक-दोन फेरे सैल करून उचलपंपाची हातदांडी मारत राहणे. प्रथम फेस येतो. बुडबुडेरहित डिझेल येऊ लागताच दांडी मारत असतानाच स्क्रू घट्ट करणे.
३. दुसरा फिल्टर व इंधनपंप यांवरील स्क्रूंबाबत हीच क्रिया करणे.
४. इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, वेग पूर्ण देऊन सेल्फ मारणे. डिझेलचे थेंब उसळू लागताच नट घट्ट करणे.

उचलपंपाची दांडी सैल लागत असल्यास पंपाचा कॅम उंचावलेल्या स्थितीत असतो. अशा वेळी इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा प्रयत्न करतात. इंजेक्टरमधून येणारी धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते व गंभीर इजा करते. त्यामुळे सैल नटाजवळ हात धरू नये. कॉमन रेल प्रकारच्या आधुनिक इंजिनांत दाब १,००० बारहून अधिक असू शकतो. त्यांच्या उच्चदाब नळ्या या रीतीने कधीही सैल करू नयेत.

पाणी, गाळ व सूक्ष्मजीव

अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प भिंतींवर जमते व पाणी तळाशी साठते. डिझेल व पाणी यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यांतील प्रसिद्ध बुरशी आहे. त्यांचा काळपट, चिकट थर बंदरात शांत पडून राहतो. नौका लाटांवर हेलकावू लागली की तो ढवळला जाऊन फिल्टरमध्ये अडकतो. बंदरात सुरळीत चालणारे इंजिन खवळलेल्या पाण्यातच बंद पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दोष टाकीच्या बाजूला आहे की इंजिनाच्या, हे ठरवण्यासाठी स्वच्छ डिझेलचा लहान कॅन इंजिनापेक्षा उंचावर बांधून त्याची नळी थेट उचलपंपाला जोडतात. इंजिन चालू झाल्यास दोष टाकी, तिची नळी किंवा पहिला फिल्टर यांत असतो. ही तात्पुरती व्यवस्था नौका बंदरात आणण्यासही उपयोगी पडते.

हवा, उष्णता व संपीडन

ग्लो प्लग असलेल्या इंजिनात सेल्फ मारण्यापूर्वी ते साधारणतः १० ते २० सेकंद तापू द्यावेत. हवेचा फिल्टर बुजलेला वाटल्यास तो क्षणभर काढून प्रयत्न करता येतो. सुरू करण्यासाठी मिळणारे ईथरचे फवारे ग्लो प्लग किंवा हवातापक असलेल्या इंजिनात वापरू नयेत, कारण अवेळी स्फोट होऊन दट्ट्या फुटू शकतो.

इंधन व वेग दोन्ही ठीक असूनही पांढरा धूरच येत राहिल्यास संपीडन कमी झाल्याची शक्यता असते. कड्या झिजणे किंवा चिकटणे, झडपा नीट न बसणे व हेड गॅस्केट जळणे ही त्याची कारणे होत. त्यांची दुरुस्ती समुद्रात सहसा शक्य नसते.

आउटबोर्ड इंजिन

आउटबोर्ड इंजिनात इंधनाचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा. तो घट्ट होत नसल्यास सांधा हवा ओढत असतो. पेट्रोलचा तीव्र वास येत असल्यास इंधन जादा झालेले असते. अशा वेळी प्लग काढून, पुसून व सुकवून, चोक बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. प्लगची ठिणगी पाहताना तो इंजिनाच्या धातूला टेकवलेला आणि इंधनाच्या वाफेपासून दूर असावा.

भारतीय किनाऱ्यावर पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवली जाणारी आउटबोर्ड इंजिनेही वापरात आहेत. केरोसीनची वाफ थंड इंजिनात पुरेशी होत नाही. त्यामुळे बंद करण्याआधी काही मिनिटे पेट्रोलवर चालवून कार्ब्युरेटरमधील केरोसीन संपवावे लागते. हे विसरल्यास पुढील वेळी इंजिन सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा लागतो.

पाण्यात बुडालेले आउटबोर्ड इंजिन बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, आतील पाणी बाहेर घालवून व तेल सोडून शक्य तितक्या लवकर चालवावे. हवा लागताच गंज वेगाने सुरू होतो.

सुरक्षितता

स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये. दोन प्रयत्नांमध्ये एक-दोन मिनिटांचे अंतर ठेवावे, अन्यथा त्याची वेटोळी जळतात. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो, म्हणून बॅटरीजवळ उघडी ज्योत किंवा ठिणगी नसावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून नौकेच्या तळाशी साचते. बंदिस्त कप्प्यातील पेट्रोल इंजिन सुरू करण्यापूर्वी वायुवीजनाचा पंखा निदान ४ मिनिटे चालवावा व तळ हुंगून पाहावा. हँडल मारून इंजिन सुरू करताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवतात, कारण उलट झटक्याने हात मोडू शकतो.

अतितापामुळे बंद पडलेले इंजिन थंड झाल्याविना पुन्हा सुरू करू नये. प्रथम पाणी घेण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का ते पाहावे.

समुद्रात इंजिन बंद पडल्यास

इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी नौकेचे स्थान सुरक्षित करणे हा सर्वमान्य नियम आहे. पाणी उथळ असल्यास नांगर टाकावा. किनारा किंवा खडक वाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल तर हे काम क्षणाचाही विलंब न करता करावे. दुरुस्तीत गुंतलेल्या खलाशांना नौका किती वाहिली याचे भान राहत नाही. खोल पाण्यात समुद्री नांगर, किंवा तो नसल्यास दोराला बांधलेली जड वस्तू नाळेवरून सोडल्यास नौकेचे तोंड लाटांकडे राहते व वाहण्याचा वेग घटतो. तांडेलाने एका व्यक्तीस केवळ पहाऱ्यासाठी नेमावे व सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालावीत.

वारंवार सेल्फ मारून एकमेव बॅटरी संपवल्यास बिनतारी संच व दिवेही बंद पडतात आणि मदत मागण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून संचासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवणे, आणि ती नसल्यास काही मोजक्या प्रयत्नांनंतर थांबून आधी आपले स्थान कळवणे श्रेयस्कर ठरते. व्हीएचएफ संचावरील १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही आंतरराष्ट्रीय संकटवाहिनी आहे. भारतीय तटरक्षक दलाचा सागरी शोध व बचाव मदत क्रमांक १५५४ हा आहे. तातडीचा धोका नसला तरी स्थान आधीच कळवून ठेवल्यास पुढे शोध घेणे सोपे जाते.

प्रतिबंध

बंदीच्या काळात टाकी शक्यतो पूर्ण भरून ठेवणे, बॅटऱ्या काढून कोरड्या जागी ठेवून मधूनमधून भारित करणे, वंगणतेल बदलणे आणि धुराड्याचे तोंड झाकणे या उपायांनी हंगामाच्या आरंभीच्या बहुतेक अडचणी टळतात. हंगामात पहिल्या फिल्टरमधील पाणी रोज काढावे. बंदरातून निघण्यापूर्वी इंजिन काही वेळ चालवून थंडाव्याचे पाणी बाहेर पडते का ते पाहावे. नौकेवर जादा इंधन फिल्टर, पंपाचा रबरी पंखा, पट्टा, फ्यूज, तांब्याचे वॉशर, नळीच्या पट्ट्या, एअर स्क्रूच्या मापाचे पाने व विजेरी हे साहित्य असावे. एअर काढण्याची क्रिया नौकेवरील निदान दोघांनी बंदरात, शांत पाण्यात करून पाहिलेली असावी.

हे सुद्धा पहा

• डिझेल इंजिन
• आउटबोर्ड इंजिन
• शिसे-आम्ल बॅटरी
• ट्रॉलर
• भारतीय तटरक्षक दल